आम्ही दोघी आंबेनळीचा घाट चढलो तेव्हा

माझा धाकटा भाऊ घर सोडून गेला त्याला एकवीस वर्षं झाली होती, आणि शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, मला एकीने सांगितलं की तो जिवंत आहे.

सांगणारी बाई माझ्याच शाळेत शिकवायची. ठाण्यातल्या मुलींच्या शाळेत आम्ही बरोबर होतो. तिच्या यजमानांना दम्याचा त्रास, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत ती त्यांना घेऊन महाबळेश्वरला गेली होती. तिथे एका बोर्डिंगात पंधरा दिवस राहिली. डबा उघडता उघडता ती म्हणाली, "बाई, तुम्हाला सांगू की नको असं चाललंय माझं. तिथला आचारी होता ना, तो हुबेहूब तुमच्या घरातल्या फोटोसारखा. केस पिकलेत, पण डाव्या भुवईत तशीच खांड. नीट बघायला मिळावं म्हणून मी दोनदा मुद्दाम भाजी मागून घेतली."

ती खांड माझ्या देखतची. आठ वर्षांचा असताना तो विहिरीच्या रहाटावर आपटला होता, तेव्हा हळद मीच दाबून धरली होती.

"माझ्या भावजयीजवळ यातलं काही बोलू नका," मी तिला म्हटलं. "खात्री करून घेते आणि मग मीच सांगते."

खात्री करायला मी काहीच केलं नाही. ज्येष्ठ चालू होता, पाऊस अजून नीट लागला नव्हता, घाटातल्या गाड्या पंधरा दिवस तरी चालल्या असत्या. मी मनाशी म्हटलं, पावसात तिकडे कोण जाणार, दिवाळीनंतर बघू. पण ते खरं कारण नव्हतं.

मी चोविसाव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या घरी परत आले होते. आईवडील नव्हते. ठाण्याला तळ्यामागच्या गल्लीत दोन खोल्या, त्यांत तो, त्याची बायको आणि मी. तो लाकडाच्या वखारीत कारकून होता. फार बोलणारा नव्हता. त्यांना एक मूल झालं ते महिन्याच्या आत गेलं, तेव्हाही तो काही बोलला नाही. बायकोला ताप होता म्हणून तिच्या उशाशी बसून राहिला, एवढंच. पुढे काही वर्षांनी वखार बंद पडली आणि तो घरी बसला. सकाळी उठून कामाच्या शोधात जायचा, दुपारी परत यायचा, ओटीवर बसायचा. असे सात-आठ महिने गेले. घरात रोज थोडं थोडं कमी व्हायला लागलं. आधी तूप, मग गूळ, मग एक वेळचा भात.

एका दुपारी भावजय पाण्याला गेली होती आणि मी त्याला वाढत होते. आमटी पातळ झाली होती. तो म्हणाला, "ताई, आज आमटीत काही नाहीच." साधं बोलला होता, चिडून नव्हे. आणि मी म्हणाले, "दोन बायकांना पोसता येत नाही त्या पुरुषानं ताट कशाला अडवावं?"

मी त्याच्याच अन्नावर जगत होते. तरी हे बोलले. कदाचित त्याच्याच अन्नावर जगत होते म्हणूनच बोलले असेन.

तो उठला, हात धुतला, पान तसंच राहिलं. भावजय पाण्याची कळशी घेऊन आली तेव्हा मी ते पान गाईला घालून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. एक पिशवी, तांब्या, दोन धोतरं आणि जेवताना नेसायचा रेशमी मुकटा, एवढं घेऊन गेला. चिठ्ठी नाही की निरोप नाही.

भावजय तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. ती तीन महिने रोज संध्याकाळी दारात उभी राहायची. पुढे उभं राहणं थांबलं, पण कपाळावरचं कुंकू आणि हातातल्या बांगड्या तशाच राहिल्या. मी परीक्षा देऊन शाळेत लागले, ती घर सांभाळू लागली, पापड-मेतकूट करून द्यायची. बारा वर्षं झाल्यावर नातेवाईक येऊन बसले. म्हणाले, शास्त्र आहे, पालाशविधी करून टाका, त्याच्या नावाने पळसाचं शरीर करून अग्नी द्या, म्हणजे त्यालाही गती आणि हिलाही काय ते ठरेल. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "मेलेलं पाहिलं नाही त्या माणसाला जाळू कशी?" त्यानंतर पुन्हा कोणी विषय काढला नाही. दर वटपौर्णिमेला ती वडाला जाई, आणि मी घरी बसून तिच्या वाणाची फळं पुसून ठेवी.

ताटावरून मी बोलले ते वाक्य मी तिला कधी सांगितलं नाही. आणि आता तो सापडला, तर तो सांगेल ही मला भीती वाटली. म्हणून ज्येष्ठ गेला, आषाढ, श्रावण, भाद्रपद गेला. तुळशीचं लग्न झालं त्या रात्री तिने निरांजन ओवाळलं आणि नेहमीसारखं डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. मला ते बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी तिला सांगितलं. "आजच कळलं," असं म्हणाले.

ती खाली बसली. तांदळाच्या सुपात हात घातला. मग म्हणाली, "वन्सं, तिकडे थंडी फार असते ना?"

नाताळच्या सुट्टीत जायचं ठरलं. मी सत्तावन्न वर्षांची, ती एकोणपन्नास. तिचं माहेर कल्याणचं. ठाणे आणि कल्याण आणि मधला पारसिकचा बोगदा, याच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती. मी तरी कुठे गेले होते! निघायच्या आदल्या आठवड्यात तिने डिंकाचे लाडू केले, एक घोंगडी आणली, आणि आपलं लग्नातलं हिरवं लुगडं ट्रंकेतून काढून उन्हात घातलं. मला म्हणाली, "जुनं आहे, पण त्यांना ओळखू येईल."

सकाळच्या एस.टी.ने आम्ही ठाण्याहून महाडला निघालो. कंडक्टरने आम्हाला पुढची जागा दिली. "आजी, गाठोडं पायाशी घ्या, वर टपावर नको," म्हणाला. खाडीचा पूल ओलांडला तेव्हा उन्हं नुकती येत होती आणि मिठागरांत मिठाच्या राशी उभ्या होत्या. भावजय काचेला नाक लावून बघत होती. मुंब्र्याची देवी दिसली तेव्हा तिने हात जोडले. पनवेलला आम्ही चहा घेतला. पेणच्या पुढे रस्ता खराब होता, गाडी धुळीतून चालली होती, आणि डाव्या हाताला डोंगर हळूहळू जवळ येत चालला होता. ती दर थोड्या वेळाने विचारायची, "हाच का तो घाट?" मी म्हणायची, "नाही, घाट उद्या."

तिच्या अंगात एक उत्साह आला होता. मी मात्र उद्याचाच विचार करत होते. उद्या तो समोर येईल. तिच्यादेखत मला काय म्हणेल? की काहीच म्हणणार नाही, नुसता बघेल?

महाडला पोचेपर्यंत चार वाजले. धर्मशाळेत गाठोडी ठेवून आम्ही नदीवर गेलो. सावित्रीचं पाणी थोडंच होतं, काळ्या खडकांतून वाहत होतं. पलीकडच्या काठावर एक बाई धुणं आपटत होती. आम्ही पायरीवर पाय सोडून बसलो, आणि तिथे मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं नाही. ज्येष्ठात कळलं होतं हे सांगितलं नाही. पण आमटीचं आणि ताटाचं सांगितलं. जे बोलले होते ते शब्द जसेच्या तसे सांगितले, काही मऊ केलं नाही.

तिने ऐकून घेतलं. पाण्यातून पाय बाहेर काढले, लुगड्याच्या काठाने पुसले.

"त्या दिवशी पान कुठे गेलं म्हणून मी विचारलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, पोटभर जेवला."

"हो."

"मला वाटायचं, माझ्यामुळे गेले. मूल जगलं नाही म्हणून."

एकवीस वर्षं ती हे उराशी धरून होती आणि मी शेजारच्या अंथरुणावर झोपत होते. ती उठली आणि धर्मशाळेकडे चालू लागली. संध्याकाळी तिने दशम्या सोडल्या, माझ्यापुढे माझा वाटा ठेवला, आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

सकाळी गाडीत बसताना ती हिरवं लुगडं नेसली होती. माझ्या शेजारी बसली, पण मधे गाठोडं ठेवलं.

पोलादपूरला गाडीने पाणी घेतलं आणि मग चढ सुरू झाला. असा रस्ता मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. एका बाजूला डोंगराची भिंत, तिच्यातून वाळलेल्या गवताच्या जटा लोंबत होत्या. दुसऱ्या बाजूला चुन्याने रंगवलेले कठड्याचे दगड, आणि दगडांच्या पलीकडे काहीच नाही. खाली दरीत सावित्री एखाद्या दोऱ्यासारखी दिसत होती, आदल्या दिवशी जिच्यात पाय सोडून बसलो होतो तीच. प्रत्येक वळणावर गाडी भोंगा वाजवायची आणि तो भोंगा समोरच्या डोंगरावरून परत यायचा. डोंगरामागे डोंगर, जवळचा हिरवा, त्यामागचा निळा, त्यामागचा नुसताच धूर. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायका गाडीला वाट देण्यासाठी डोंगराला चिकटून उभ्या राहत. मला एकदम वाटलं, तो याच वाटेने वर आला असेल. चालत आला असेल का? पिशवीत मुकटा घेऊन?

निम्म्या घाटात भावजयीला गाडी लागली. आधी ती पांढरी पडली, मग तिने माझा दंड घट्ट धरला. मी गाठोडं खाली ढकललं, तिचं डोकं खिडकीबाहेर धरलं, दुसऱ्या हाताने तिचा पदर आवरला. कंडक्टरने घंटी मारली, ड्रायव्हरने एका मोरीपाशी गाडी उभी केली. मी तिला खाली उतरवून कठड्यावर बसवलं आणि तोंडावर पाणी मारलं. एका म्हाताऱ्या प्रवाशाने लिंबू दिलं. ती ते हुंगत बसली. तिचं कुंकू पाण्याने ओघळलं होतं. मी ते माझ्या पदराने टिपलं, मग थांबले. विधवेने सवाष्णीला कुंकू लावायचं नसतं. मी करंडा तिच्या हातात दिला आणि समोर आरसा धरून उभी राहिले.

कुंकू लावता लावता, आरशातून माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुम्ही बोललात ते वाईटच बोललात, वन्सं."

"हो."

"पण बोललं कोणीही, तरी माणूस असा एकवीस वर्षं जातो का हो?"

मग तिने हात पुढे केला, मी तिला उठवलं, आणि आम्ही गाडीत चढलो. या खेपेला मधे गाठोडं नव्हतं. प्रतापगड दिसायला लागला तेव्हा लोक उठून बघू लागले. ती मात्र माझ्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटून होती.

महाबळेश्वरला उतरलो तेव्हा दुपार होती, ऊन होतं आणि उन्हातही बोटं गारठत होती. विचारत विचारत बोर्डिंग सापडलं. बाजारापासून दूर, तांबड्या मातीच्या वाटेने आत, झाडीत. हंगाम नव्हता, बऱ्याच खोल्यांना कुलपं होती. अंगणात एक म्हातारा माळी गुलाबाच्या कुंड्या उकरत होता. मी त्याला विचारलं, "इथे आचारी आहेत ना, ठाण्याकडचे?"

त्याने आमच्याकडे पाहिलं. आधी माझ्याकडे, मग तिच्या हिरव्या लुगड्याकडे.

"म्हाराज म्हंता व्हय? त्ये गेलं की."

"कुठे गेले?" भावजयीने विचारलं.

माळ्याला तिच्याकडे बघून बोलवेना. तो खुरपं खाली ठेवून माझ्याकडे वळला. "वारलं, बाई. सरावनात. नारळी पुनव झाली न् दुसऱ्या दिशी. पावसाळ्यात हितं कोन नसतं, म्या न् त्ये, दोघंच राखनीला. छातीत कफ धरला व्हता. दोन दिस बोललं न्हाईत. डागदर बी न्हवता, वाट बंद व्हती."

श्रावण. मी उभ्या उभ्या महिने मोजले. ज्येष्ठात निघालो असतो तर तो दारात उभा असता.

"घरची माणसं कुठली, काही सांगायचे का?" मी विचारलं.

"इचारलं तर म्हनायचं, मागं कोनी न्हाई. नाव येक सांगितल्यालं, पन त्ये खरं का खोटं द्येवाला ठावं. आमी म्हाराजच म्हनायचो. लई चांगला मानूस. चौघांनी नेलं त्यास्नी. लाकडं वली व्हती, राकेल वतावं लागलं." मग तो घाईने म्हणाला, "तुमी कोन त्यांच्या?"

मी तोंड उघडलं. पण भावजयच बोलली. "आमचं एक माणूस हरवलंय. तेच का बघायला आलो."

माळी आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेला. स्वयंपाकघराला लागून एक खोली होती. दाराला पावसाळ्यातल्या गवताच्या झडपा अजून तशाच बांधलेल्या होत्या. भावजय उंबऱ्याबाहेर थांबली. मी आत गेले. आत एक बाज, एक चूल, खुंटीला मफलर होता. भिंतीला ओल आली होती. माळ्याने बाजेखालून पत्र्याची पेटी ओढली आणि उचलून बाहेर, तिच्या पायाशी आणून ठेवली. "मालक म्हनले ठिऊन दे, कोन आलं तर. कोन आलं न्हाई."

पेटीत दोन धोतरं, एक स्वेटर, वस्तरा, चष्म्याचं रिकामं घर, आणि तळाशी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला मुकटा. तिने तो बाहेर काढला. रंग गेला होता, घड्यांवर विरला होता. तिने त्याचा एक पदर हातात घेतला, दोन बोटांनी काठावरून सरकत सरकत गेली आणि एका जागी थांबली. तिथे रफू होतं. तांबड्या काठावर हिरव्या धाग्याचं. मला ते रफू माहीत होतं. त्यांच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी उंदराने काठ कुरतडला होता, घरात तांबडा धागा नव्हता, आणि हिने रडवेल्या तोंडाने हिरव्याने भरलं होतं. तेव्हा तो हसून म्हणाला होता, "छान दिसतंय, पानासारखं."

तिने त्या रफूवरून बोट फिरवलं. मग तिने मुकट्याची जशीच्या तशी घडी घातली, कागदात गुंडाळली आणि पेटीच्या तळाशी ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "हे आमचे नव्हेत."

"भुवईला खांड व्हती बगा त्यांच्या," माळी म्हणाला. "हितं."

"खांड काय, किती जणांना असते." तिने गाठोड्यातून लाडवांचा डबा काढला आणि त्याच्या हातात दिला. "हे तुमच्या घरी न्या. त्या माणसाचं तुम्ही केलंत, देव तुमचं भलं करील."

"आन् ही पेटी? न्या हवं तर."

"ज्यांची आहे त्यांची माणसं येतील," असं म्हणून ती वळली.

मी पेटीपाशी उभीच होते. तो मुकटा मला हवा होता. काही नाही तरी तो मफलर. पण तिने "आमचे नव्हेत" म्हटल्यावर मी कोण म्हणून मागणार होते? वाटेच्या वळणावर ती माझ्यासाठी थांबली होती. मी तिच्या मागून गेले.

तिला तिथे रात्र काढायची नव्हती. दुपारची शेवटची गाडी आम्हाला मिळाली. उतरताना उन्हं पश्चिमेकडून येत होती, दऱ्या तळापासून सावलीने भरत होत्या आणि वरचं गवत सोन्यासारखं पेटलं होतं. पुढच्या बाकावरचं एक लहान मूल बोट दाखवत होतं. मला ते सगळं दिसत होतं आणि रडता येत नव्हतं. शेजारी जिचा नवरा गेला ती कोरड्या डोळ्यांनी खिडकीबाहेर बघत होती. मी बहीण, मी कशी रडू?

बऱ्याच वळणांनंतर ती म्हणाली, "आपण हे कधी पाहिलंच नव्हतं, नाही हो?"

"नाही."

"किती चांगलं आहे." आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली.

त्या वेळी मला काय काय वाटलं ते लिहिते. एकदा वाटलं, हिने मला शिक्षा केली. भाऊ गेला तरी त्याच्यासाठी रडण्याचा माझा हक्क काढून घेतला. एकदा वाटलं, मला वाचवलं. त्याच्या मरणाचा दोष माझ्या कपाळी येऊ नये म्हणून तो मेलाच नाही असं ठरवलं. आणि कधी वाटतं, तिने माझा विचारच केला नसेल. एकवीस वर्षं जे जपलं ते चार महिन्यांपूर्वीच संपलं होतं, हे त्या अंगणात, परक्या माणसासमोर कबूल करायला तिला जमलं नसेल, एवढंच. मी तिला कधी विचारलं नाही.

भाऊ गेल्याची बातमी कानावर आली की बहिणीने निदान डोक्यावरून आंघोळ तरी करायची असते. दुसऱ्या दिवशी महाडच्या धर्मशाळेत उजाडायच्या आत मी उठले, ती झोपलेली पाहिली, आणि नदीवर गेले. पाणी बर्फासारखं होतं. नेसत्या लुगड्यानिशी मी बुडी मारली आणि तिथे, पाण्यात उभी राहून, मोठ्याने रडले. काठावर कोणी नव्हतं. परत आले तर ती उठून बसली होती. माझं कोरडं लुगडं घडी मोडून दोरीवर टाकलेलं होतं आणि तिचे स्वतःचे केस ओले होते.

"मीही विहिरीवर उरकून घेतली," ती म्हणाली. "आज वाटलं डोक्यावरून घ्यावी."

आम्ही ठाण्याला परतलो. शेजारणींनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, कोणी दुसराच माणूस होता, उगाच हेलपाटा झाला. शाळेत माझ्या मैत्रिणीला मीही तेच सांगितलं. ती बिचारी शंभरदा माफी मागत राहिली.

ज्येष्ठातली गोष्ट मी भावजयीला शेवटपर्यंत सांगितली नाही. नदीकाठी सांगायला हवी होती. तेव्हा सांगितली असती तर ती अर्धी चूक ठरली असती. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ती सांगण्यासारखी राहिली नव्हती.

पुढच्या वर्षी आषाढात पाऊस फार झाला. तळं भरून रस्त्यावर आलं. एका दुपारी ती तांदूळ निवडत होती आणि मी वह्या तपासत होते. खाली मान घालूनच तिने विचारलं, "त्या खोलीत चूल होती का हो?"

मी पेन ठेवलं. "होती."

"पेटवत असतील ना पावसाळ्यात?"

"माळी होता सोबतीला. पेटवतच असतील."

"मग बरं," असं म्हणून ती निवडत राहिली. त्या विषयावर आम्ही बोललो ते एवढंच. तिने त्या वर्षीही वटपौर्णिमा केली होती. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र वाण आणायला सांगायच्या दिवशी म्हणाली, "आता पाय दुखतात, झाडापर्यंत जाववत नाही." घरीच पाटावर खडूने वड काढला आणि एक फळ ठेवलं. कुंकू मात्र रोज लावायची, पूर्वीपेक्षा थोडं लहान.

ती माझ्या आधी गेली. तीन दिवसांचा ताप, चौथ्या दिवशी सकाळी संपलं. गल्लीतल्या बायका आल्या, त्यांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. मी एका बाजूला उभी राहून जे मागतील ते हातात देत होते. "भाग्याची हो, अहेवपणी गेली," एक म्हातारी म्हणाली, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

तिला उचलायच्या आधी शेजारच्या घरची सून, नवीनच लग्न होऊन आलेली, माझ्याजवळ आली. तिला आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. हळूच म्हणाली, "आत्याबाई, यांच्या यजमानांना तार कुठे करायची?"

मी म्हटलं, "पत्ता नाही गं त्यांचा."